मापात पाप

ताईने घास पुढे केला तशी आईने तोंड फिरवलं आणि हात झटकन पांघरुणात ओढून घेतला.

"हिच्या हातचं नको मला."

धाकट्या भावाने वाटी घेतली. त्याच्या हातून मात्र आई शहाण्या मुलीसारखी जेवली. ताई बघत राहिली. आपलीच आई, आणि आपलाच हात नको झालाय!

ताई वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होती. दुकानदारांचे तराजू तपासता तपासता केस पिकले, पण मापात पाप तिने कधी खपवून घेतलं नाही. घरातही तेच. वडील गेल्यापासून आई रोज विचारायची, "हे कुठे गेलेत?" ताई तिचा हात हातात घेऊन खरं सांगायची, "आई, बाबा गेले गं." आई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर फुटेस्तोवर रडायची आणि घटकाभराने सगळं विसरायची. धाकटा बेधडक ठोकून द्यायचा, "भाजी आणायला गेलेत."

"आईशी खोटं बोलवतं तरी कसं रे तुला?"

"तुला तिला रोज रडवायला बरं जमतं!"

"विसरते ना ती? मग बिघडलं काय?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "बातमी विसरतात त्या, दुःख नाही विसरत. तुम्ही हात धरलात की काहीतरी वाईट होतं, एवढं त्या शिकल्यात." पुस्तकातल्या गोष्टी, म्हणून ताईने ते उडवून लावलं होतं.

धाकटा वाटी विसळायला आत गेला. आईने दाराकडे पाहिलं.

"हे कुठे गेलेत?"

सवयीने पुढे गेलेला हात ताईने मागे घेतला.

"भाजी आणायला."

"एवढा वेळ?"

"गर्दी असेल. येतील."

"छत्री नेलीय ना?"

"नेलीय."

छत्री खुंटीलाच होती. ताईने तिच्याकडे पाठ केली.

आई निवांत उशीला टेकली. इतके दिवस बाबांसाठी रडायला दोघी असायच्या. आज ताई एकटीच उरली. नको नको म्हणताना तिला हुंदका फुटला.

आई बावरून बघत राहिली. मग पांघरुणातून तिचा हात बाहेर आला आणि चाचपडत ताईच्या मनगटावर टेकला.

"रडू नको गं. येतीलच ते आता."