पांढऱ्या रेघेची पेटी

आगबोटीवर काही विपरीत घडलं की नाव निघतं ते कप्तानाचं. ते घडू नये म्हणून रोज जो राबतो, त्या छोट्या मालमाचं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं, नाव कुणी विचारत नाही. 'चंपावती'वर हे काम दयाराम कोळ्याकडं होतं. उतारू मोजून घ्यायचे, निशाणं सांभाळायची, होड्यांमधलं पिण्याचं पाणी बदलायचं, आणि दर तीन महिन्यांनी बुचाचा प्रत्येक पट्टा स्वतः हातात घेऊन त्याचे बंद ओढून पाहायचे. बोट बुडालीच तर माणूस तरंगतो तो या पट्ट्याच्या जोरावर. बंद तुटला की पट्टा एकीकडं आणि माणूस दुसरीकडं.

१९३३ सालच्या मे महिन्यातली ती सकाळ. बोट श्रीवर्धनसमोर नांगरली होती आणि दयाराम पट्टे तपासत होता. कामाला तो चोख. पंधरा पट्टे त्यानं बाद केले, खलाशांचा मुकादम, सारंग मकसूद, याच्याकडून नवे बंद लावून घेतले. शेवटी उरली मागच्या डेकवरची पेटी. तिच्यावर पांढरी रेघ ओढलेली आणि खाली आकडा : २४.

ही पेटी कायद्यात नव्हती, आपल्या डोक्यात होती. दोन वर्षांपूर्वी पट्टे घालायचा सराव चालू असता एका शेटजींनी गळ्यातला पट्टा फेकून दिला होता. "हा काल कुणाच्या अंगावर होता, सांगा आधी!" बोटभर ओरडा झाला. मग बोट कंपनीच्या एजंटानं तोडगा काढला, की महारवाड्यातल्या उतारूंचे पट्टे वेगळ्या पेटीत ठेवावेत. सगळे खूश झाले. ज्यांचे पट्टे वेगळे झाले, त्यांना विचारलं कुणी?

"खोलू का, मालमसाहेब?" मकसूदनं विचारलं.

"राहू दे."

पेटी उघडली असती तर नियमाप्रमाणे पट्टे हातात घ्यावे लागले असते. वर्षापूर्वी दयाराम नोकरीवर रुजू व्हायला निघाला तेव्हा त्याची आई नीराबाई हिनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "बाला, त्या पेटीला हात लावशील तर मी मेले. पंचांना कललं तर देवीची पालखी आपल्या दारात यायची न्हाय." दयाराम इंग्रजी शिकला होता, ताऱ्यांवरून बोट कुठं आहे ते सांगू शकत होता, पण आईच्या शब्दापुढं त्याची विद्या लंगडी पडली. पेटीवरचा आकडा पाहून त्यानं वहीत लिहिलं : '२४, तपासले.' ही चौथी खेप होती.

मग किनाऱ्यावरून पडावांतून, त्या उतारू आणणाऱ्या लहान होड्यांतून, उतारू आले. महारवाड्यातली माणसं शेवटच्या पडावात. शिडीवरून चढणारी एक तरणी बाई त्याच्याकडं बघून हसली.

"वळखलंस का, दयारामदादा? धर्माची शकू. तू शालंत आत बसायचास, मी वसरीवर."

शकूच्या नवऱ्याला मुंबईला गोदीत काम लागलं होतं. तिला पोचवायला तिची आई कृष्णाबाई बरोबर होती. म्हातारी शिडीचा कठडा सोडायला तयार नव्हती.

"बोट बुडनार न्हाय न्हवं, बाबा?"

"भिऊ नको, मावशे," दयाराम ऐटीत म्हणाला. "मी हाय."

दुपारी कोर्लईच्या अलीकडं वारा अचानक उलटला, बोट पाण्याखालच्या खडकावर घासली आणि तळ फाटला. किनारा दिसत होता. होड्या सुटल्या, पट्टे वाटले गेले. शेवटची होडी छोट्या मालमाच्या ताब्यात असते. तिच्यात जी तीस माणसं बसली, त्यांत महारवाड्यातली सातजणं होती. मकसूदनं पांढऱ्या रेघेची पेटी फोडली, तेव्हा कुबट वास सुटला. दयारामनं तो वास ओळखला : कुजलेल्या कापडाचा. पण दुसरे पट्टे उरले नव्हते.

किनाऱ्याजवळ लाटेनं होडी उलटली. बाकीची तेवीसजणं तरंगली. दयाराम पोहत शकूकडं गेला. त्यानं तिच्या पट्ट्याला हात घातला, आणि पट्टा रिकामाच त्याच्या हातात आला. त्या सातांतली पाच माणसं गेली, त्यांत शकूही. एकजण पोहत किनाऱ्याला लागला, कृष्णाबाई वल्ह्याला धरून वाचली. तिच्या मुठीत एक तुटका बंद होता. लेकीला धरायला गेली तेव्हा तेवढाच हाती लागला होता.

अलिबागेला चौकशी बसली. आदल्या दिवशी एजंट दयारामला म्हणाला, "समुद्र खवळला होता, एवढंच सांग. वहीत तुझी सही आहे. लायसन राहील."

कचेरीत कृष्णाबाईचं नाव पुकारलं गेलं. दारातूनच तिनं मूठ उघडली. "ह्ये बघा, सायेब."

"खाली ठेव," शिपाई म्हणाला.

तिनं बंद जमिनीवर ठेवला. आता तो साहेबांच्या टेबलावर जायला हवा होता. शिपाई कारकुनाकडं पाहू लागला, कारकून कागदांत पाहू लागला. हिरवट, कुजका, वीतभर कापडाचा तुकडा. आणि तो उचलायला भरल्या कचेरीत हात नव्हता.

दयाराम उठला. मागं गावचे पंच बसले होते, नीराबाई बसली होती. "बाला!" ती ओरडली. त्यानं वाकून बंद उचलला, टेबलावर नेऊन ठेवला.

"साहेब, वहीत चार वेळा 'तपासले' लिहिलंय. ते खोटं आहे. मी पेटी कधी उघडलीच नाही. विटाळ होईल म्हणून उघडली नाही. हे पाच खून माझ्या हातचे आहेत."

बाहेर आल्यावर तो कृष्णाबाईसमोर उभा राहिला. तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "ह्यो हात तवाच लावला असतास तर?"



दयारामचं लायसन गेलं. पालखी त्याच्या दारात आली नाही. निकालात कारण लिहिलं होतं : 'पट्ट्यांचे बंद कुजलेले होते.' ते कशानं कुजले, हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता. आणि त्याच संध्याकाळी, कचेरी सुटल्यावर, शिपायानं साहेबांचं टेबल दोन बादल्या पाणी घालून धुऊन काढलं.