शंभरातले नव्वद

पाइपच्या कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. पाइपची जाडी तपासणं हे त्याचं काम, आणि अर्ध्या मिलिमीटरवरून तो बांधावरून भांडावं तसा भांडायचा. संध्याकाळी घरी आला की हाच माणूस मागच्या खोलीत चाकापुढे बसून सलूनवाल्यांच्या कात्र्यांना धार लावायचा. आणि धार तरी कसली! एका सलूनमध्ये गिऱ्हाईक बोलत असताना कात्री चालली, तर त्याच्या वाक्याचा मागचा अर्धा भाग तुटून जमिनीवर पडला. झाडताना तो केसांबरोबर कचऱ्यात गेला, म्हणून गिऱ्हाइकाला काय म्हणायचं होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी आपली कात्री तिथे पाठवू नये, एवढंच.

तर या धंद्याची सहा वर्षांपूर्वी रीतसर कंपनी झाली होती. कंपनीच्या खात्यात पैसा साठत होता आणि मिलिमीटरने त्यातला छदामही घरी आणला नव्हता. कारखान्याच्या पगारावर घर चालत होतं, कंपनी आपली बाळसं धरत होती. पण दोन दोन कामं करून माणूस पार पिळून निघाला होता. परवा तो उभ्या उभ्या झोपला आणि झोपेतच त्याने चाळीस पाइप तपासले. त्यातल्या एकाचं माप चुकलं, तेच त्याला जिव्हारी लागलं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"मिलिमीटर, पाचाऐवजी चार दिवसांचा आठवडा मी एकाच माणसाला देऊ शकतो. बुधवार मोकळा. पगार अर्थात चारच दिवसांचा. हवंय?"

"हवंय म्हणजे काय साहेब!"

"घरी विचार. शुक्रवारी सही कर. नाहीतर रंगकामवाला टपून बसलाच आहे."

मिलिमीटर हवेत तरंगत बाहेर पडला. हिशेब सरळ होता. पगाराचा पाचवा हिस्सा बुडणार, तेवढा आपल्याच कंपनीतून दरमहा घ्यायचा. आपल्याच विहिरीतून बादलीभर पाणी काढायला कुणाला विचारायचं?

विचारायचं होतं हिशेबनीस बाईंना. मंगळवारी तो जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेला. बाईंच्या टेबलावर फायलींची अशी चळत होती, की बाई बोलायला लागल्या की आधी फायलीच बोलल्यासारख्या वाटायच्या.

"पगार म्हणून घेणार?" फायलींमागून आवाज आला. "घ्या की. पण तुमचा एक पगार आधीच आहे. हा त्याच्या डोक्यावर चढणार, म्हणजे पहिल्या पैशापासून सगळ्यात चढा कर. हातात येईल ते बघून रडू येईल."

"मग कर्ज म्हणून घेतो. माझंच आहे."

"तुमचं नाही, कंपनीचं आहे. घेतलं तर फेडायला लागेल."

"मी मला फेडायचं?"

"तुम्ही कंपनीला."

"कंपनी म्हणजे मीच ना, बाई!"

"इथेच सगळ्यांचं घोडं अडतं," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा नफा वाटून घ्या. कर कमी पडेल. शेअर कुणाच्या नावावर किती आहेत?" एक फाईल उघडल्याचा आवाज आला. "शंभरातले नव्वद तुमच्या बाईसाहेबांचे. दहा तुमचे."

मिलिमीटरच्या पायाखालची फरशी सरकली. कंपनी काढताना बाईच म्हणाल्या होत्या, तुम्हाला नोकरी आहे, बायकोला उत्पन्न नाही, कर वाचवायचा तर शेअर तिच्या नावावर ठेवा. अर्ध्या मिलिमीटरला जीव देणाऱ्या माणसाने नव्वद शेअर एका सहीत देऊन टाकले होते, आणि वर बाईंना चहा पाजला होता.

"म्हणजे मला शंभर रुपये हवे असतील तर..."

"बाईसाहेबांना नऊशे द्यावे लागतील. कायदाच आहे."

घरी बायको जेवणाच्या टेबलावर कात्र्या पुसून, कागदात गुंडाळून डब्यांत भरत होती. त्याने सगळं सांगितलं. साहेब, बुधवार, नव्वद, दहा. तिने एकही कात्री खाली न ठेवता ऐकून घेतलं.

"म्हणजे कंपनी माझी?"

"नुसती कागदावर गं."

"अहो, कंपनी कागदावर नाही तर काय झाडावर असते?"

"मुद्दा तो नाही. मला दरमहा थोडे पैसे हवेत. सहा वर्षं राबतोय मी फुकट!"

बायकोने कात्री खाली ठेवली. हळूच ठेवली, त्यामुळे मिलिमीटर जास्त घाबरला.

"तुम्हाला एक तारखेला कारखाना देतो. मला एक तारखेला तुम्ही देता आणि वर विचारता, मागचे इतक्यात संपले? सहा वर्षं हे डबे कोण भरतंय? पत्ते कोण लिहितंय? त्या सलूनवाल्यांची बोलणी कोण खातंय? तुम्ही फुकट राबलात, मग मी काय भिशी खेळत होते?"

"तसं म्हणत नव्हतो मी."

"तसंच म्हणत होता. फक्त आज नीट ऐकू आलं."

बुधवार अबोल्यात गेला. गुरुवारी तिने स्वतःच हिशेबनीस बाईंना फोन लावला. पलीकडून बाई एवढ्या खूश झाल्या, की मिलिमीटरला खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू येत होतं. "वा! तुम्ही काम करता ना? मग पगार तुम्हीच घ्या. तुमच्या डोक्यावर दुसरा पगार नाही, कर जवळजवळ शून्य. याच्याइतका स्वस्त मार्ग नाही!"

"किती घेऊ?"

आकडा आला. तो कारखान्याच्या बुडणाऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच होता.

"झालं तुमचं काम," बायको फोन ठेवत म्हणाली. "घर चालेल. करा उद्या सही."

खरंच काम झालं होतं. पण मिलिमीटर तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आणि मला?" त्याने विचारलं.

"तुम्हाला बुधवार."

"कंपनी मी काढली. धार मी लावतो. पगार तुला?"

"तुम्हीही घ्या की. कर भरा आणि घ्या. मी कुठे अडवलंय?"

ती अडवत नव्हती, हाच तर सगळा वैताग होता. कुणीच अडवत नव्हतं. बाई अडवत नव्हत्या, साहेब अडवत नव्हते, आणि तरी पैसा त्याच्यापासून हातभर लांबच राहत होता. रात्र त्याने पाठ टेकून छताची जाडी मोजण्यात काढली. शुक्रवारी सुट्टीचा भोंगा व्हायच्या पाच मिनिटं आधी त्याने सही केली. रंगकामवाल्याने इतका मोठा सुस्कारा टाकला, की टेबलावरचे कागद उडाले.

घरी आल्यावर बायकोने आपला नेमणुकीचा कागद पुढे केला. त्यावर कंपनीतर्फे त्याची सही लागत होती. तो वाचत गेला आणि एका ओळीवर थबकला.

"आठवड्याची सुट्टी, बुधवार?"

"पगारी माणसाला सुट्टी असते. तुम्हाला दोन दोन असायच्या, आता तीन."

"अगं, पण बुधवारी फोन, डबे, पत्ते..."

"तुम्ही घरीच असणार ना!"

त्याने सही केली. दुसरं करणार काय होता? नव्वद तिच्याकडे होते.

पहिल्या बुधवारी बायको सकाळीच पर्स घेऊन बाहेर पडली. कुठे, ते तिने सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही. टेबलावर बावीस कात्र्या पुसायच्या होत्या. त्याने पहिली उचलली, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम कुठेत?" पलीकडे एक सलूनवाला पेटला होता. "माझा डबा दुसऱ्यालाच गेलाय!"

"सुट्टीवर आहेत."

"तुम्ही कोण?"

मालक म्हणावं, तर नव्वद शेअर बायकोचे.

"मी धार लावतो," तो शेवटी म्हणाला.

"मग धार लावा की! फोन कशाला उचलता?" सलूनवाल्याने फोन आपटला.

तो ठेवतो न ठेवतो तोच फोन पुन्हा वाजला. मिलिमीटरने हातातल्या कात्रीकडे पाहिलं, फोनच्या वायरीकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि फोन उचलला.