रेडिओवर वाचलेलं नाव

बख्तमीनाला बख्तमीना म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं, तिची थोरली बहीण पलवशा. बाकी सगळ्या गावाला ती बहरमंदची आई. नवऱ्याची हाकसुद्धा "अगं ए" नाहीतर "बहरमंदच्या आई". बाईचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, ही आमच्या खोऱ्यातली रीत. बाई मेली तरी मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात, अमक्याची आई गेली, मातीला चला. यात कोणाला काही वावगं वाटत नाही आणि बख्तमीनालाही कधी वाटलं नव्हतं. उलट पोराच्या नावाने ओळखलं जाण्यात तिला मिरवल्यासारखंच वाटायचं.

आता तो पोरगाच घरात नव्हता.

जर्दाळू पिकले होते तेव्हा त्याला नेला. भर दुपारी, बागेत पेट्या भरताना. फौजेची गाडी आली, एक हवालदार उतरला आणि अगदी अदबीने म्हणाला, "बहरमंद कोण? चल बाळा, दोन प्रश्न विचारून सोडतो." पोरगा हात धुऊन निघाला. आईला म्हणाला, चहा ठेव, येतोच. जर्दाळू संपले, आलुबुखार संपले, पीच उतरायला आले, तरी त्या मेल्यांचे दोन प्रश्न काही संपेनात.

बहरमंदचा बाप उमरजादा मिंगोरा शहरातल्या वकिलाकडे गेला. वकील नात्यातला, भला माणूस. तो म्हणाला, "काका, कोर्टात मागू काय?"

"आरोप काय आहे ते तरी विचार."

"आरोप नाहीच ना. नव्या कायद्याने फौजेला नुसता संशय आला तरी पुरतो. आरोप लागत नाही, तारीख लागत नाही, न्यायाधीशापुढे उभं करावं लागत नाही. कारवाई चालू आहे तोवर ठेवायचं."

"आणि कारवाई संपली हे कोण ठरवणार?"

"फौज."

उमरजादा टोपी काढून डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "अरे, मग याला कायदा कशाला म्हणता? झाकण लावलेली विहीर म्हणा."  

एक गोष्ट मात्र वकिलाने करून दिली. बापाला नदीपलीकडच्या छावणीत पोराची भेट मिळाली. जाळीच्या अलीकडे बाप, पलीकडे पोरगा, मध्ये बंदूकवाला. उमरजादा घरी आला तो बाजेवर बसलाच नाही, तंदुराजवळ येऊन उभा राहिला. बख्तमीना पोळ्या लावत होती.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"अर्धा झालाय. मला विचारत होता, बाबा, मी कोणाला बांगड्या दिल्या?"

तिच्या हातातली पोळी निखाऱ्यांत पडली. "काय म्हणालास?"

"तेच तेच विचारतात म्हणे त्याला. दोन सोन्याच्या बांगड्या कोणाला दिल्यास, कोणी द्यायला सांगितल्या, आणखी काय दिलंस. पोरगा म्हणतो, बाबा, मी आयुष्यात बांगडी हातात धरली नाही. म्हणून मार खातो." उमरजादाने जळती पोळी चिमट्याने बाहेर ओढली. "तुझा तो मौलवी नडला, बहरमंदच्या आई. त्याचं बोलणं फौजेने टेपवर घेऊन ठेवलंय."

तिला पुढचं सांगायची गरजच नव्हती.

तो रेडिओवाला मौलवी! आज सगळे म्हणतात, आम्ही नाही बुवा ऐकायचो. खोटारडे कुठचे! संध्याकाळी गल्लीतून चालत गेलं तर प्रत्येक अंगणातून त्याचाच आवाज यायचा, एक शब्द चुकायचा नाही. सुरुवातीला तो गळे कापायच्या गोष्टी कुठे करत होता? नमाज पढा, सासूला जपा, मुलींचा हक्क खाऊ नका. बायकांशी इतक्या मायेने कोणी कधी बोललंच नव्हतं. नवरे कराचीत नाहीतर अरबस्तानात, आणि हा रोज घरी येऊन बहिणींनो म्हणणार! मदरसा बांधायचा आहे म्हणाला, तर बायकांनी कानातलं ओरबाडून दिलं. बख्तमीनाने लग्नातल्या दोन बांगड्या दिल्या, पलवशाने झुमके दिले. दुसऱ्या संध्याकाळी तो देणाऱ्यांची नावं वाचायचा. आता बाईचं नाव रेडिओवर कसं वाचणार? मग घरच्या पोराचं वाचायचा. "वरच्या गावातून भाऊ बहरमंद, दोन सोन्याच्या बांगड्या. अल्ला कबूल करो." दहा-अकरा वर्षांचं पोर ते, ओढ्यात बेडूक पकडत होतं. बख्तमीनाने त्या आनंदात शिरा केला आणि गल्लीभर वाटला. उमरजादाला हे कराचीहून सुट्टीवर आल्यावर कळलं, त्याने चार शिव्या घातल्या आणि विषय संपला.

म्हणजे संपला असं वाटलं होतं. पुढे मौलवीची माणसं बंदुका घेऊन फिरायला लागली, चौकात मुडदे लटकले, फौज आली, सगळं खोरं जीव मुठीत धरून पळालं आणि परतलं. मौलवी पळून गेला. त्याचा आवाज मात्र फौजेच्या कपाटात राहिला.

"मी जाते," बख्तमीना म्हणाली. "बांगड्या माझ्या. मी दिल्या. मी सांगते त्यांना."

"डोकं ठिकाणावर आहे का? मेजर नाव विचारेल."

"विचारू दे. सांगेन."

"माझ्या बायकोचं नाव त्या परक्याच्या तोंडी? छावणीभर होईल! उद्या शिपाई चौकीवर मला बघून हसतील."

"हसू देत!" ती ताडकन उठली. "पोरगा आत सडला तरी चालेल, तुझ्या बायकोचं नाव तेवढं पेटीत घडी घालून ठेव. मेल्यावर पुसणार आहे का त्याला कोणी? माझ्यामुळे गेलाय तो. माझ्यापायी मार खातोय, आणि का खातोय हेही बिचाऱ्याला ठाऊक नाही!"

उमरजादा तरातरा बाहेर गेला. जेवला नाही. सकाळी मात्र तिची मोठी चादर हातात घेऊन दारात उभा होता. म्हणाला, "सैदवलीला गाडी घेऊन बोलावलंय. आवर."

सैदवली म्हणजे पलवशाचा एकुलता एक. सुझुकी चालवायचा, बाजारात पीच पोचवायचा आणि तोंडाची टकळी गाडीपेक्षा जोरात चालवायचा. पीचचा हंगाम संपला की त्याचं लग्न होतं. बहिणीला एकटीला कशी सोडू म्हणून पलवशाही आली आणि दोघी मागे चादरीत तोंडं लपवून बसल्या.

"काका, तोंड जरा हसरं ठेवा," सैदवली म्हणाला. "असं बघितलंत तर मेजर बहरमंदला सोडेल आणि तुम्हाला ठेवून घेईल."

"गप गाडी चालव, गाढवा."

"मावशी, येताना बहरमंद पुढे बसणार हं. काकांना टपावर टाकू."

बख्तमीना हसली. कित्येक दिवसांनी हसली. पलवशाने तिचा हात धरून ठेवला होता. "भिऊ नको बख्तमीना," ती कानाशी म्हणाली. "खरं तेच सांगणार आहेस ना? खऱ्याला कसली भीती?"

फाटकावर सांगितलं, फक्त आईबाप आत. पलवशा गाडीतच राहिली. सैदवली बॉनेटवर बसून पहारेकऱ्याला पीच खा म्हणून आग्रह करायला लागला.

मेजर तरुण होता. खालच्या मुलखातला, गुळगुळीत दाढी केलेला. तो स्वतः उठून उभा राहिला, "बसा आई," म्हणाला, चहा मागवला. त्याचं बोलणं आपल्या बोलीत सांगायला एक इकडचाच शिपाई बाजूला होता. बख्तमीनाला वाटलं, आरडाओरडा करणारा असता तर बरं झालं असतं. इतक्या गोड माणसापुढे काय बोलावं ते सुचेना. पण ती बोलली. सगळं बोलली. रेडिओ, मदरसा, बांगड्या, शिरा.

मेजरने यंत्राचं बटण दाबलं. तोच मायेचा आवाज खोलीत आला. भाऊ बहरमंद, दोन सोन्याच्या बांगड्या. 

"हे म्हणजे तुम्ही?"

"मीच साहेब. पोर तेव्हा एवढं होतं." तिने हात जमिनीपासून जरासा वर धरला. "त्याला काय कळतंय?"

"नाव काय आपलं?"

उमरजादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बख्तमीना," ती म्हणाली. परक्या पुरुषांसमोर आपलं नाव पहिल्यांदाच आपल्या तोंडून ऐकलं तिने. वाटलं होतं, जमीन दुभंगेल. काही झालं नाही. मेजरने लिहून घेतलं, इतकंच.

"आई, मला तुमचं पटतंय," मेजर म्हणाला. "पण मुलाला वाचवायला कुठलीही आई असंच म्हणेल. माझ्या वरच्यांना मी काय सांगू? बांगड्या तुम्ही दिल्यात हे बघणारं दुसरं कोणी आहे?"

तिला हायसं वाटलं. एवढंच ना! "आहे ना साहेब! माझी बहीण शेजारीच बसली होती. तिनेही झुमके दिले त्याच दिवशी. बाहेर गाडीत बसलीय, बोलवा, ती शपथ घेऊन सांगेल."

"वा. बहिणीचं नाव?"

स्वतःचं नाव तिने दिलं होतं. ते तिचं होतं, द्यायचा तिला हक्क होता. बहिणीचं नाव दुसऱ्याच्या घरातलं. पलवशाच्या नवऱ्याला न विचारता, तीन पुरुषांसमोर, तिचं नाव कसं उघडं करायचं? यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. जन्मभराची सवय जिभेवर होती, ती बोलून गेली.

"सैदवलीची आई," ती म्हणाली.

शिपायाने ते सांगितलं. मेजरची लेखणी थांबली. त्याने यंत्र थोडं पुढे नेलं, परत बटण दाबलं. "वरच्या गावातून भाऊ सैदवली, सोन्याचे झुमके. अल्ला कबूल करो."

"हे नाव आमच्याकडे होतं," मेजर हळू आवाजात म्हणाला. "पण या नावाचे खोऱ्यात ढिगाने आहेत. आमचा कुठला ते लागत नव्हतं."

उमरजादा गर्रकन वळला. "साहेब, नाही! तिला काही कळत नाही, ती बाईमाणूस आहे, ती काहीही बोलते—"

"बांगड्यांचं सांगितलं तेव्हा नाही म्हणालात, ती काहीही बोलते." मेजरने शिपायाला मान हलवून खूण केली. शिपाई बाहेर गेला.

"आणि माझा बहरमंद?" बख्तमीना उभी राहिली. तिला अजून पुरतं उमगलं नव्हतं. "त्याने नाही दिल्या ना. तुम्हाला पटलं म्हणालात ना साहेब!"

"घरातून बांगड्या गेल्या हे आज नक्की झालं, आई. आधी नुसता संशय होता. बघू. वर कळवतो." तो पुन्हा उठून उभा राहिला, तितक्याच अदबीने. "चहा घेतला नाहीत तुम्ही."

उमरजादा धावत फाटकाकडे सुटला. ती चादर सावरत मागून धावली, पण लांबूनच तिला सगळं दिसलं. शिपाई गाडीजवळ पोचला होता.

"सैदवली कोण?"

"मीच की," सैदवली बॉनेटवरून उडी मारत म्हणाला. "पण भाडं मिंगोऱ्यापर्यंतच हं, पुढे नाही येणार. काय काम होतं?"

"चल जरा आत. दोन प्रश्न विचारून सोडतो."

पोराने हातातलं पीच पुसून टपावर ठेवलं, परत येऊन खाईन म्हणून. जाताना मावशी समोरून आली, तर तिला डोळा मारला. बख्तमीनाने त्याची बाही पकडली. शिपायाने ती अगदी हलक्या हाताने सोडवली आणि फाटक लागलं.

पलवशा गाडीतून उतरली होती. चादर खांद्यावर घसरली होती, तोंड उघडं, पण त्याची तिला शुद्ध नव्हती. ती फाटकाकडे बघत होती, मग बहिणीकडे बघायला लागली. बख्तमीनाला वाटलं, आता ही मारेल. मारावं, असंच तिला वाटत होतं.

पलवशाने हात उचलला नाही. लहानपणापासून जिला एकाच नावाने हाक मारली, तिच्याकडे ती अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

"बहरमंदच्या आई," ती म्हणाली, "आत तू कोणाचं नाव घेतलंस?"