दुलईखालचे ऊन

मित्रांनो, गच्चीवर उन्हाकडे तोंड करून बसलेले मी एक जुने सोलर पॅनेल आहे. वाळूची काच झाली, काचेखाली निळ्या चकत्या बसल्या आणि भट्टीची धग सोसून मी या गल्लीत आले. ही गल्ली आखणाऱ्या बाईंनी सगळी घरे एकाच उंचीची ठेवली. त्या म्हणायच्या, "देवानं ऊन सगळ्यांना सारखं दिलंय. कुणाची सावली कुणाच्या उन्हावर पडायला नको." सगळ्या गच्च्यांवरची आम्ही भावंडे एकाच तारेत ओवली गेलो. आमची वीज जिन्याखालच्या बॅटरीत साठते आणि घरोघरी जाते. सुरुवातीला लोक लेकरांना खांद्यावर घेऊन आम्हाला बघायला येत. मग सवय झाली. सवय झाली की कौतुक आटते आणि काचेवर धूळ साचते.

त्या दिवशी शहराची मुख्य लाइन सकाळीच गेली. आमच्या खालच्या घरातल्या सासूबाईंचा श्वास मशीनवर चालतो. मशीन आमच्या विजेवर सुरू होते, म्हणून कुणी घाबरले नव्हते.

तेवढ्यात त्यांची सून धुतलेली दुलई घेऊन वर आली. तिने माझ्या तापलेल्या काचेला हात लावून पाहिला. "इथं घटकेत वाळेल," असे पुटपुटत तिने ती जड, ओली दुलई माझ्यावर पसरली आणि खाली गेली.

माझ्या डोळ्यांपुढे काळोख झाला. आमची जोडणी जुन्या पद्धतीची. एकाला अंधारी आली की साऱ्या भावंडांचा जोर ओसरतो. पाण्याच्या नळीवर एके ठिकाणी पाय पडला, तर पुढे पाणी कुठून जाणार?

बॅटरीचा आकडा उतरू लागला. सुनेने गल्लीतल्या वायरमनला बोलावून घेतले. जिन्यातून मला सगळे ऐकू येत होते.

"अहो, असं कसं होईल?" सून त्याला म्हणाली. "बाहेर तर लख्ख ऊन आहे."

"तेच म्हणतोय, वहिनी. बॅटरीच थकली असणार," वायरमन म्हणाला. "शेजारी सांगा, पंखे बंद करा. फ्रीजसुद्धा."

गल्लीतले पंखे एकेक करून थांबले. तरी आकडा उतरतच होता. मागवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर वाटेत अडकला होता. मशीन धोक्याची शिट्टी वाजवू लागले. मला वाचा नाही, हात नाही. वर बघा, एवढेच मला सांगायचे होते.

"आई, सावकाश श्वास घ्या. मी आहे ना इथं."

"तू आहेस गं," सासूबाई तुटक बोलल्या. "माझी दुलई कुठंय? पाय गार पडलेत. मशीननं सोडलं तर सोडू दे, तू गारठवून मारू नकोस."

त्या स्थितीतही सुनेला हसू फुटले. ती धावत वर आली आणि तिने दुलई खेचली. ऊन माझ्यावर कोसळले.

"वहिनी, काय केलंत?" खालून वायरमन ओरडला. "आकडा चढतोय."

दुलई छातीशी धरून ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिला कळले, ऊन तिनेच अडवले होते. खाली मशीनची शिट्टी थांबली होती.

मित्रांनो, उंच इमारतीची सावली लांबून दिसते. तिच्याविरुद्ध माणसे भांडतात, नियम करतात. पण मायेने, घाईत, आपल्याच हाताने घातलेली सावली कुणाला दिसत नाही. म्हणून नुसते आभाळाकडे बघून आमची खुशाली ठरवू नका. जिना चढून वर येत जा.