मोरीचं दावं

सागाची बारा पानं बांधावर ओळीनं मांडली होती आणि भगीरथ वाटे घालत होता. मांडी, बरगडी, काळीज, चरबी असं सगळ्यातलं थोडंथोडं प्रत्येक पानावर पडायला पाहिजे, नाहीतर पाड्यात वर्षभर कुरबुर चालते. ज्याच्या शेतात डुक्कर पडलं त्याला एक वाटा जास्त, असा रिवाज. शेत गुणाबाईचं होतं, म्हणून ती पदर खोचून, पातेलं घेऊन पुढेच उभी होती. चरबी कुणाच्या पानावर किती पडते यावर तिचं बारीक लक्ष होतं.

डुक्कर दांडगं होतं. मुंडकं मात्र वाट्यात घेण्यासारखं उरलं नव्हतं, आमिषाचा गोळा तोंडातच फुटला होता. म्हातारा देवजी, गुणाबाईचा चुलत दीर, पाड्यात शेवटचा शब्द त्याचाच. तो म्हणाला, जनावर जागच्या जागी गेलं, कुठं शोधत फिरावं लागलं नाही, हे बरं झालं.

गुणाबाईला त्या डुकराची दया यायचं काही कारण नव्हतं. किन्हवलीपासून आत सहा किलोमीटरवरचा हा पाडा, मागं जंगल, आणि जंगलाला लागून तिचं शेत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. शाळेत पोरांची खिचडी शिजवून उरलेल्या वेळात ती शेत करायची. गेली चार वर्षं भात पोटरीत आलं की डुकरं यायची. आधी दोन-तीन यायची, आता वीस-वीसचा कळप. खायची कमी, तुडवायची जास्त. तिनं जुन्या साड्यांचं कुंपण केलं. न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर पसरले; वासानं डुकरं येत नाहीत असं कुणीतरी सांगितलं होतं. डुकरं केस तुडवून आत आली. अर्ज केला, तर साहेब आले, फोटो काढले आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा अर्ज करा म्हणाले. शेवटी तिनंच भगीरथला गाठलं आणि गोळे ठेव म्हणून मागं लागली.

भगीरथ तिचा पुतण्या. आसनगावला कंपनीत पॅकिंगला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी शिकार करायचा. घरात आजाची ठासणीची बंदूक होती, पण गोळ्याचं काम सोपं. आत स्फोटाची दारू, वरून सुकटीचा वास मारलेलं पीठ. डुक्कर चावलं की संपलं. सुकटीला गाय तोंड लावत नाही, म्हणून पूर्वीपासून सुकटच. त्या दिवशी नेमकी भगीरथच्या घरात सुकट नव्हती आणि बाजाराला तीन दिवस होते. तेव्हा गुणाबाईच म्हणाली, सुकट नसली तर नसली, माझ्याकडे कोंडा हाय, गूळ हाय. तिनं स्वतःच्या हातानं पीठ मळलं, स्वतःच लाडवासारखं वळून दिलं.

आता यातली मेख अशी, की मोरीचं वासरू पोळ्याच्या सुमाराला दगावलं होतं. मोरी म्हणजे गुणाबाईची गाय. वासरू गेल्यापासून ती पान्हा सोडेना. तेव्हा गुणाबाईनं युक्ती केली. सकाळ-संध्याकाळ धार काढायला बसण्याआधी कोंडा-गुळाचा एक लाडू मोरीच्या तोंडात द्यायचा. लाडू चघळता चघळता मोरी दूध सोडायची. दोन महिने रोज दोन लाडू, त्याच हातचे, तसेच वळलेले. यातला धोका गुणाबाईला ठाऊक नव्हता असं नाही. गोळे सकाळी उचलले जातात आणि तोवर गुरं बांधलेली असतात, एवढाच तिनं विचार केला. भात वाचवायच्या नादात माणूस एवढाच विचार करतो.

सकाळी भगीरथनं शेतातून ओरडून सांगितलं, उचलले गो काकी, सोड गुरं. तिनं मोरीचं दावं सोडलं आणि पातेलं घेऊन बांधावर आली. तिथं वाटे पडता पडता हिशेब निघाला. ठेवले पाच, फुटला एक, उचलले तीन. पाचवा कुठं? भगीरथनं एकदा इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाला, कोल्ह्यानं नेला असंल. ऊन चढत होतं, माश्या बसत होत्या, वनखात्याचं कुणी फिरकलं तर सगळेच आत जाणार होते. कुणालाच शोधत बसायचं नव्हतं. मोरीला परत बांधून यावं असं गुणाबाईच्या मनात आलं. पण पान सोडून माणूस गेलं की पानावरची चरबी शेजारच्या पानावर जाते. ती उभीच राहिली.

आवाज फार मोठा झाला नाही. खालच्या कापलेल्या खाचरात झाला. सगळ्यांनी माना वळवल्या. मोरी उभी होती. मग ती चालायला लागली, आणि दुखलं की जनावर जिकडं जातं तिकडंच आली, गुणाबाईकडं. खालचा जबडा नव्हता. जीभ अर्धी होती आणि ती लोंबत होती. वरचे दात, टाळू सगळं उघडं पडलं होतं आणि प्रत्येक श्वासाला रक्ताचा फेस येत होता. डोळे मात्र होते तसेच होते. गुणाबाईच्या हातात डुकराच्या मांसाचं पातेलं होतं. मोरीनं जवळ येऊन तिच्या खांद्यावर नाक टेकवलं.

माणसांनी आधी आपापले वाटे उचलले. मग धावाधाव केली.

डॉक्टरला बोलवायचं नाही, असं देवजीनं तिथंच ठरवलं. गुणाबाई तरी दुसऱ्या दिवशी खिचडी उरकून किन्हवलीला गेली. गुरांचा डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. येतो म्हणाला. सुई देऊन शांत झोपवता येईल म्हणाला. फक्त गाईला असं कशानं झालं ते कागदावर लिहावं लागेल आणि तो कागद पोलिसात जाईल. ती परत आली तेव्हा देवजी ओट्यावर बसलेलाच होता. त्यानं आवाज न चढवता तिला समजावलं. डॉक्टर आला तर भगीरथ आत जाईल, देवजी स्वतः जाईल, मांस घेतलेली अकरा घरं जातील, आणि पीठ मळणारीही जाईल. एका गाईसाठी अकरा घरं. गुणाबाईनं डॉक्टरला निरोप पाठवला की गाय मेली.

मग ती भगीरथकडं गेली. तो अंगणात मोटारसायकल धूत होता.

"बंदूक आण," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुला ठाव हाय कशाला."

भगीरथनं पाणी बंद केलं. "काकी, गाय हाय ती. गाईवर बार टाकू मी? माझी बायको पोटुशी हाय."

"डुकरावर टाकतोस ना?"

"डुकराचं येगळं."

"काय येगळं? त्याला दुखत नाय?"

भगीरथनं पुन्हा पाणी सोडलं आणि चाकावरचा चिखल खरवडायला लागला. तसा तो वाईट मुलगा नव्हता. मोरीसाठी त्यानं कंपनीतून येताना मलमाची नळी आणून दिली होती. पाड्यात डुकराला मारायला सहा माणसं एका हाकेला तयार असायची. मरत पडलेल्या गाईला मारायला एकही नव्हतं. पाप लागतं ना. तिला तसंच मरत ठेवण्याचं पाप कुठल्याही पोथीत नाही.

गुणाबाईनं बांबूची नळी तासून घेतली आणि घशात घालून पेज ओतायला सुरुवात केली. निम्मी पेज खालून गळून जायची. दुसऱ्या दिवसापासून कास तट्ट फुगली. काय करावं म्हणून ती खाली बसली आणि आचळाला हात लावला, तर मोरीनं पान्हा सोडला. लाडू नव्हता, चघळायला तोंड नव्हतं, तरी सोडला. गुणाबाई तिथंच बसून रडली, नंतर उठून दूध उकिरड्यावर ओतलं. तिसऱ्या दिवशी देवजीच्या घरून नेहमीसारखा तांब्या आला. सुनेनं विचारलं होतं, दूध चालू हाय का? गुणाबाईनं तांब्या भरून दिला. त्यांनी चहा केला असेल. प्याले पण असतील.

चौथ्या दिवशी जखमेत किडे पडले. डांबरगोळ्यांची पूड करून ती भरायची, काडीनं एकेक किडा काढायची. सकाळी पन्नास काढले तर संध्याकाळी शंभर दिसायचे. मोरी पाय झाडायची नाही. मान खाली घालून उभी राहायची. मुरबाडहून सारिकाचा, मुलीचा, फोन आला. मोरी लहान असताना तिला सारिकानंच बाटलीनं पाजून वाढवलं होतं. मोरी कशी हाय, तिनं विचारलं. बरी हाय, गुणाबाई म्हणाली, दूध जरा कमी झालंय. सारिका म्हणाली, सरकीची पेंड घाल. घालते, गुणाबाई म्हणाली.

सहाव्या दिवशी वास अख्ख्या पाड्यात गेला आणि देवजी स्वतः आला. नाकाला उपरणं लावून लांबच उभा राहिला.

"दावं सोड तिचं," तो म्हणाला. "दाव्यावर गाय मेली तर काय करावं लागतं, ठाव हाय ना गो?"

तिला ठाऊक होतं. लहानपणी तिनं एका बाईला पाहिलं होतं. गळ्यात गाईचं दावं अडकवून, तोंडातून शब्द न काढता पाच गावं दारोदार मागत फिरायचं. दारात उभं राहून फक्त हंबरायचं. लोक लांबून मूठभर दाणे टाकतात आणि दार लावून घेतात. मग गोमूत्र, मग गावजेवण, आणि तोवर पाण्याला शिवायचं नाही. मोकळी गाय कुठंही मरू दे, ते कुणाच्याच अंगावर येत नाही.

तिनं दावं सोडलं. मोरी कुठंच गेली नाही. दिवसभर दारासमोर उभी राहिली. तहान लागली की हातपंपाच्या डबक्यात नाक बुडवायची. पाणी तोंडातून तसंच गळून जायचं, तरी पुन्हा पुन्हा बुडवायची. बायका हंडे घेऊन यायच्या आणि तिला हाकलायच्या. बांधलेली होती तोवर गुणाबाईची गाय होती, मोकळी झाली आणि सगळ्यांची घाण झाली. देवजीच्या सुनेनं दगड मारला, तो नेमका जखमेवर बसला. मोरी ओरडली. जबडा नसलेल्या गाईचं ओरडणं कसं असतं ते इथं लिहीत नाही.

आठव्या दिवशी पहाटे गुणाबाई कोयता घेऊन बाहेर आली. मोरीनं मान पुढं केली, तिला पेज आली असं वाटलं. गुणाबाईनं कोयता छपरात खोचला आणि नळी घेतली. पेज पाजताना तिला कळलं की आपण हिला जगवत नाही, हिचं मरण लांबवतोय. अजून आठ दिवस लांबवू, आपल्या हाताला कोयता झेपत नाही म्हणून.

मोहाच्या माळावर वाघरू फिरतंय, परवा वाडीतली शेळी नेली, असं शाळेत बोलत होते. तिनं खिचडी केली, पोरांना वाढली, मोठं पातेलं घासून पालथं घातलं. मग घरी येऊन मोरीला हाक मारली. मोरी मागं मागं निघाली. तासभर चढ होता. मध्ये मोरी दोनदा बसली. दोन्ही वेळा गुणाबाईही शेजारी बसली आणि ती उठेपर्यंत थांबली.

माळावर पोचल्यावर तिनं मोरीची पाठ थोपटली आणि ती परत फिरली. पन्नास पावलांवर मागं खुरांचा आवाज आला. तिनं मोरीला परत नेलं. या वेळी हातात ढेकूळ घेऊन ओरडली, हड् म्हणाली. मोरी थांबली, आणि ती वळताच पुन्हा चालायला लागली. अशी ती गुणाबाईच्या मागं घरापर्यंत आली असती, अंगणात उभी राहिली असती, आणि देवजीची सून दगड घेऊन तयारच होती.

दावं गुणाबाईच्या कमरेला गुंडाळलेलं होतं. घरातून निघतानाच तिनं ते घेतलं होतं. कशाला, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

तिनं मोरीला ऐनाच्या झाडाला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. कपाळावरून हात फिरवला, डोळ्यांच्या कडेच्या माश्या उडवल्या, त्या परत बसल्या. मग ती उतरायला लागली. मोरीनं दोन-तीन हिसके दिले. झाडाच्या फांद्या हलल्याचा आवाज तिला खालपर्यंत येत राहिला.

पाड्याच्या तोंडाशी देवजी काठी टेकून उभा होता. ऊन अजून होतं.

"गाय दिसत नाय गो."

"माळावर नेली."

"वाघाला?" देवजीनं मान हलवली. "बरं केलंस. सुटली बिचारी. दावं मोकळं केलंस ना?"

"नाय भाऊजी. बांधून आले."

देवजीनं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं.

"मोकळी ऱ्हात नव्हती ती," गुणाबाई म्हणाली. "सकाळी जाऊन दावं सोडून आणीन. ते गळ्यात घालून पयली तुमच्याच दारात येईन. दाणे काढून ठेवा."

देवजीनं काठी या हातातून त्या हातात घेतली आणि वाटेच्या कडेला सरकून तिला जाऊ दिलं.