नवव्या पानाची जागा

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. हसू नका. रायपूरच्या पंडरी भागातल्या कापड बाजारात दुकानाच्या काचेआड साडी नेसून उभी असते, ती डमी वेगळी. शाळेचा वार्षिक अंक छापायला जाण्याआधी कोऱ्या कागदांचा, तेवढ्याच पानांचा एक अंक हाताने तयार करतात आणि कुठल्या पानावर काय येणार ते त्यात आखून ठेवतात. तो कोरा अंक म्हणजे मी. खरा अंक येईपर्यंत त्याची जागा धरून ठेवायची, हे माझं काम. तो आला की मला कुणी विचारत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, जन्मच तसा आहे. माझं दुःख निराळं आहे आणि ते तुम्हा मुलांनाच सांगावंसं वाटतं. कारण ते मुलांच्या हातून घडलं आणि त्यात कुणाच्याही मनात वाईट नव्हतं.

माझा जन्म रायपूरला, शंकर नगरातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात झाला. या शाळेत मुलं हिंदीत भांडतात, इंग्रजीत परीक्षा देतात आणि मराठी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकतात. मराठी शिकवणाऱ्या प्रमोदिनी बाईंच्या तासाला चार-पाच डोकी असत. बाईंचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी आणि छत्तीसगढी कधी येऊन बसली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अंकाचं काम मात्र दर वर्षी त्यांच्याकडेच असे.

बाईंनी मोठे कागद मधोमध दुमडले, एकात एक घातले आणि घडीवर लांब दांड्याच्या स्टेपलरने दोन पिना मारल्या. बत्तीस पानांची मी तयार झाले. तुमची वहीही अशीच असते. मधली घडी उघडून बघा, म्हणजे कळेल की डावीकडचं पान आणि उजवीकडचं एक पान हा मुळात एकच कागद असतो. त्या दुसऱ्या पानाला आपण जोडपान म्हणू. ही एवढी साधी गोष्ट पुढे फार महाग पडली.

मला सजवायचं काम गंधालीकडे आलं. आठवीतली, किरकोळ बांध्याची, बोटांना कायम शाई लागलेली पोरगी. घर जुन्या मराठी वस्तीतलं, मराठी पुरतं समजायचं, पण उत्तर हिंदीतच. तिने पट्टी घेऊन माझ्या प्रत्येक पानाला समास आखला. फोटोसाठी चौकोन काढून त्यात फुली मारली. सुरुवातीला शुभेच्छा संदेश, मग संपादकीय, मधल्या समोरासमोरच्या दोन पानांवर स्नेहसंमेलनाचे फोटो, शेवटी कोडी. मुलांनी लिहून दिलेले कागद ती कात्रीने कापून, डिंकाने ज्याच्या त्याच्या पानावर चिकटवायची. तेविसाव्या आणि चोविसाव्या पानावर तिने स्वतःची चित्रकथा काढली होती, शाळा सुटल्यावर फाटकापाशी जो गोंधळ होतो त्याची. महिनाभर खपली होती. प्राचार्य मॅडमनी मला हातात घेऊन चाळलं आणि मान डोलावली, तेव्हा मीसुद्धा सुखावले. एवढं कौतुक कोऱ्या कागदांच्या वाट्याला सहसा येत नाही.

नववं आणि दहावं पान मराठीसाठी होतं. त्यासाठी लिहिणारी एकच मुलगी मिळाली, ओवी. ती त्याच वर्षी नागपूरहून आली होती. तिची आई आदल्या वर्षी वारली आणि वडिलांनी, शिशिर त्यांचं नाव, बदली मागून घेतली. नव्या घरात बाप-लेक दोघंच. बाप नव्या रायपूरच्या ऑफिसातून उशिरा यायचा, दोघं जेवायची, शाळेचं आणि ऑफिसचं बोलायची. आईचा विषय कुणीच काढायचं नाही. आधी कोण रडेल या भीतीने दोघंही गप्प राहायची.

ओवीने 'आईचा डबा' लिहिलं. आई डब्यात काय द्यायची, झाकण घट्ट बसावं म्हणून त्यावर कशी थाप मारायची, आणि आता बाबा डबा भरतात तेव्हा तेही नकळत तशीच थाप मारतात, असं काहीसं. तिने ते ग्रंथालयातच, एका बैठकीत लिहिलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी स्वतःच डिंक लावून तो कागद माझ्या नवव्या पानावर चिकटवला. घरी ओवीने वडिलांना इतकंच सांगितलं की अंकात माझं काहीतरी आहे, तुम्ही तिथेच वाचा. तोंडाने जे सांगता येत नव्हतं ते छापून त्यांच्या हाती द्यायचं, एवढाच तिचा बेत होता. गंधालीला तिने तो सांगितला होता आणि ते बोलणं माझ्यासमोरच झालं होतं.

एप्रिलमध्ये बाई बोर्डाचे पेपर तपासायला गेल्या. त्यांच्या माघारी छापखान्याकडून निरोप आला की अंक जाड होतो आहे. प्राचार्य मॅडम गंधालीला व्हरांड्यात भेटल्या आणि घाईघाईत म्हणाल्या, "बेटा, दो-चार पन्ने कम कर दो. जो ज़रूरी न लगे."

दो-चार म्हणजे नेमकी किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

ही गोष्ट वर्गात पसरायला वेळ लागला नाही. ओवी ग्रंथालयात आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"मले माहीत आहे," ती म्हणाली, "काढायचं असलं तं मराठीचंच काढतीन. वाचते कोण?"

गंधालीने मान वर केली नाही. "तेरा पन्ना नहीं हटेगा," ती म्हणाली. "मैं देख लूँगी."

मित्रांनो, शब्द दिला म्हणजे काय हे मी त्या दिवशी बघितलं. ओवी गेल्यावर गंधाली बराच वेळ मला चाळत बसली. संदेश काढता येत नव्हते, ते मोठ्या लोकांचे. फोटो काढले असते तर पालक ओरडले असते. शेवटी तिने तेविसावं पान उघडलं, आपली चित्रकथा एकदा बघून घेतली, आणि पट्टी घडीवर दाबून ते पान सावकाश, अगदी सफाईने फाडून घेतलं. दोन पानं कमी झाली. मैत्रिणीसाठी आपलं महिनाभराचं काम तिने काढून टाकलं आणि कुणाला सांगितलंही नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

पण त्या पानाचं जोडपान कोणतं होतं? नववं.

पिना फक्त घडीत असतात. घडीच्या अलीकडचा अर्धा कागद गेला की पलीकडच्या अर्ध्याला धरून ठेवायला काही उरत नाही. ओवीचं पान माझ्या पोटात होतं, जागच्या जागी दिसत होतं, पण ते आता नुसतं टेकलेलं होतं. मला ते सारखं जाणवत होतं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी गंधालीने मला काखेत धरलं आणि खाली संगणक कक्षाकडे निघाली. जिन्याच्या वळणावर खिडकी उघडी होती, गरम वारा भणाणत आत येत होता. कुणीतरी वरून पळत आलं, तिला धक्का लागला, तिने मला सावरलं. माझ्या पोटातून काहीतरी सरकत गेलं. ती तशीच पायऱ्या उतरत राहिली. तो कागद खिडकीतून बाहेर गेला, की पायरीवर पडून केरात गेला, ते मला आजही माहीत नाही.

संगणकावर पानं लावायचे शिरीष सर. ते मराठी वर्गाशी संबंध नसलेले, सरळ कामाचे मनुष्य. त्यांनी माझी पानं मोजली तर बत्तीसची अठ्ठावीस झालेली. चार कमी. मॅडमचा निरोप त्यांना माहीत होता, आणि छापखान्यालाही चार-चारच्या हिशेबातच पानं लागतात. सगळं जुळलं. न जुळतं तर त्यांनी विचारलं असतं. त्यांनी मला पुढे ठेवून अंक लावला, छापायला पाठवला आणि मला संगणकाच्या टेबलाच्या खणात टाकलं.

सत्राच्या शेवटच्या दिवशी अंकाचं प्रकाशन झालं. मी खणातच होते, खण अर्धा उघडा होता. सभागृहातली गर्दी नको म्हणून ओवी वडिलांना घेऊन त्याच कक्षात आली. शिशिररावांनी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून अंक चाळायला घेतला. शेवटापर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून, या वेळी जरा हळू.

"कोणत्या पानावर आहे गं तुझं?" त्यांनी विचारलं.

ओवीने अंक त्यांच्या हातातून घेतला. तिने फक्त अनुक्रमणिका बघितली आणि अंक मिटला.

"नाही आहे, बाबा. राहून गेलं."

"काय लिहिलं होतं?"

"काही नाही. असंच, शाळेचं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी येईल म्हणाले. ते बाहेर गाडी काढायला गेले. तेवढ्यात गंधाली धावत आत आली. तिनेही अंक बघितला होता. ती हिंदीत भराभर सांगू लागली की मी माझंच काढलं, तुझं नाही, देवाशपथ नाही.

"तं माझं कुठं गेलं?" ओवीने विचारलं.

गंधाली अंकाची पानं पुन्हा उलटू लागली. तिलाच माहीत नव्हतं.

"काढाचं होतं तं काढाचं," ओवी म्हणाली. "फक्त सांगून काढाचं होतं. मी उतरवून घेतलं असतं."

ती भांडली नाही, रडली नाही. दप्तर उचललं आणि गेली. बाई पेपर तपासून परतल्यावर तिच्या घरी जाऊन आल्या. पुन्हा लिही, मी पुढच्या अंकात पहिल्या पानावर लावते, म्हणाल्या. ते बोलणं त्यांनी नंतर ग्रंथालयात कुणाला तरी सांगितलं म्हणून मला कळलं. ओवीने त्यांना म्हटलं होतं, "एकदाच लिहिता आलं बाई मले. आता नाही येत."

उन्हाळ्यात शिशिररावांची बदली पुन्हा नागपूरला झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ओवीचा बाक रिकामा होता.

त्याच महिन्यात खण आवरताना मी सापडले. शिरीष सरांनी मला बाईंकडे पाठवलं. बाईंनी मला आठव्या पानापाशी उघडलं, घडीवरून बोट फिरवलं आणि पिनांत अडकून राहिलेल्या कागदाच्या कपच्यांपाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी गंधालीला बोलावून ती जागा दाखवली. गंधालीने कित्येक आठवडे साठवलेलं रडू तिथे फुटलं.

"काहून रडून राहिली? तुह्यी चूक नाही, पोट्टे," बाई म्हणाल्या. "दर वर्षी पिना मीच मारतो, पानं मीच काढतो. एक ओढलं का दुसरं सुटते, हे तुले सांगाचं राहून गेलं."

गंधालीने त्याच दिवशी ओवीला मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं. घडीचा फोटोही पाठवला. ओवीने ते वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. मला वाटतं तिने विश्वास ठेवला असेल. पण विश्वास ठेवला म्हणून गेलेला कागद परत येत नाही, आणि त्या घरात बाप-लेक अजूनही शाळेचं आणि ऑफिसचंच बोलत असतील. हे मनात आलं की मला फार वाईट वाटतं.

आता मी ग्रंथालयाच्या कपाटात, बक्षिसाच्या जुन्या ढालींच्या मागे असते. कसर लागली आहे. नवे अंक आता थेट पडद्यावरच आखतात, डमी कुणी करत नाही. मला टाकून देणार होते, पण गंधालीने मला मागून घेतलं. तिने एक कोरा कागद दुमडला, माझ्या पोटात बरोबर त्याच जागी ठेवला आणि या वेळी पिना नाही, सुई-दोऱ्याने घडीत शिवला. आपल्या तेविसाव्या पानावर तिने चित्रकथा परत चिकटवली नाही. ते कोरंच ठेवलं.

मित्रांनो, वहीतलं पान फाडायला हात जाईल तेव्हा क्षणभर थांबा आणि ते पलीकडे कुणाला धरून आहे ते उघडून बघा. आपलंच पान असलं तरी बघा. आणि कुणाचा लिहिलेला कागद हाती आला तर आधी त्याची एक प्रत करून ठेवा.

कपाटाचं दार कधीमधी उघडतं तेव्हा उजेड येतो आणि मला माझं नववं पान दिसतं. त्यावर गंधालीने पेन्सिलने, आम्हा डम्यांवर लिहितात तसं, एवढंच लिहिलं आहे. तिने लिहिलेली ती पहिली मराठी ओळ. 'येथे ओवीचा लेख येईल.'