खिडकीला ठोकलेला पट

मित्रांनो, मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. माझी काळी घरं अक्रोडाच्या लाकडाची, पांढरी घरं नासपतीची. माझ्या चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं आहेत. पटाला खिळे कोण ठोकतं, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

पण त्याआधी मला पडलेलं एक कोडं सांगू दे. मी स्वतः कधी एकही चाल केलेली नाही. माणसं माझ्यावर ओणवी होतात, कपाळाला आठ्या घालतात, कितीतरी वेळ गप्प बसतात, आणि मग एक प्यादं एक घर पुढे सरकतं. एवढ्याशा हालचालीसाठी एवढी शांतता! तेवढ्या वेळात त्यांच्या आत काय शिजत असेल? मला फक्त त्यांची बोटं कळतात. त्या बोटांवरून मी आजवर अंदाज बांधत आलो.

आर्मेनियात ग्युम्री नावाचं गाव आहे. तिथला झावेन सुतार दारं-खिडक्या करायचा. एकदा एका दारातून उरलेलं अक्रोडाचं लाकूड आणि अंगणात वाऱ्याने पडलेलं नासपतीचं झाड, यांतून त्याने मला घडवलं. दिवसभर ग्राहकाचं काम आणि संध्याकाळी माझं. सरस वाळला, शेवटचा हात फिरवून झाला, तेव्हा झावेन मला उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला. जन्मदात्याने असं बघितलं की लाकडालाही बरं वाटतं.

झावेनच्या अंगणात रोज संध्याकाळी डाव रंगायचे. ग्युम्रीची माणसं जिभेची तिखट. कुणी जरा जास्त वेळ घेतला की शेजारचा आर्शाक लगेच म्हणायचा, "अरे, विचार करतोयस की अंडं उबवतोयस?" आर्शाक विजेसारखा खेळायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. "काय पट आहे, उस्ता!" असं त्या कारागिराला म्हणत लोक माझ्यावरून हात फिरवायचे. झावेनची बायको सिरवार्द चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची.

मग अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात धरणी हलली. त्या सकाळी झावेन एका शाळेत खिडक्या बसवायला गेला होता. तो परत आला नाही. घर कोसळलं. लाकडी कार्यशाळा मात्र उभी राहिली, म्हणून मी वाचलो. सिरवार्द आणि तिचा लहानगा वाहानही वाचले.

घर गेलेल्यांना राहायला मालगाडीच्या डब्यांसारखे लोखंडी डबे मिळाले. दोन-चार वर्षांसाठी, असं सांगितलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात डब्याच्या खिडकीची काच फुटली. सिरवार्दने मला उचललं, फुटक्या जागेवर लावून बघितलं. मी बरोबर बसलो.

"वर गेलेल्याला आता पट कशाला?" ती स्वतःशीच म्हणाली. "वारा मात्र खालीच आहे."

आणि तिने चार खिळे ठोकले.

मित्रांनो, मी तिच्यावर रागावलो नाही. पण वीस वर्षांहून जास्त काळ माझ्या पाठीवर बर्फ आणि तोंडावर कोबीच्या सूपची वाफ होती. माझ्याकडे बघून कुणी विचारात पडत नव्हतं. पट म्हणून मी जवळजवळ मेलोच होतो.

त्या डब्यातच वाहान मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला शुशान नावाची मुलगी झाली. नंतर तो बांधकामाच्या कामासाठी रशियाला गेला. ग्युम्रीतले अर्धे बाप तिकडेच असतात. डब्यात तिघी उरल्या: सिरवार्द, तिची सून लुसिक आणि शुशान. लुसिक मोज्यांच्या कारखान्यात कामाला जायची. बाई कामाची, पण भडक डोक्याची. दुधाला उतू जायला वेळ लागेल, लुसिकला लागायचा नाही.

शुशान दुसरीत गेली, तेव्हा शाळेत बुद्धिबळ हा विषय होता. गणितासारखा, भाषेसारखा. एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, "ताती, पट हवाय. गृहपाठ आहे."

सिरवार्दने नातीकडे बघितलं, मग खिडकीकडे. पक्कड घेतली. माझ्या जागी पत्रा लागला आणि मी कितीतरी वर्षांनी आडवा झालो. तिने ओल्या फडक्याने मला पुसलं, मग कोरड्याने. कापडी पिशवीतून मोहरे निघाले. एक हत्ती हरवला होता. लुसिकने कारखान्यातली दोऱ्याचं रिकामं रीळ त्याच्या जागी उभं केलं.

आता शुशानबरोबर खेळणार कोण? शेवटी आईलाच बसावं लागलं. शुशानने तिला चाली शिकवल्या आणि हरवायलाही सुरुवात केली. लुसिकचा हात तिच्या डोक्याच्या दोन पावलं पुढे असायचा. मोहरा दिसला की मार, संधी वाटली की झेप. तिची बोटं माझ्यावर गारांसारखी पडायची.

"आई, हात मांडीखाली!" शुशान ओरडायची. "नाझेली बाई आम्हाला सांगतात, हातांवर बसा. आधी स्वतःला विचारा, समोरच्याने ही चाल का केली? उत्तर मिळालं की मगच हात बाहेर."

"मी काय तुझ्या वर्गात आहे का गं?"

"तुला वर्गात बसवलं तर बाकं तुटतील," चुलीपाशी बसलेली सिरवार्द म्हणायची. "लग्नातसुद्धा पाद्र्याने विचारायच्या आधी 'हो' म्हणून मोकळी झाली होतीस, सूनबाई."

"तुमचा मुलगा पळून जाईल अशी भीती होती, आई. गेलाच की शेवटी रशियाला!"

तिघी हसायच्या. हसता हसता लुसिक हरायची. एकोणीस डाव ती ओळीने हरली.

याच शुशानला शाळेत पहिलीत मंद म्हणत होते. प्रश्न विचारला की ती लवकर उत्तर द्यायची नाही. नाझेली बाई एकदा घरी आल्या तेव्हा लुसिकला म्हणाल्या, "ती मंद नाही. एक उत्तर सुचलं की ती दुसरं शोधते. वर्गाला तेवढा धीर नसतो, पटाला असतो." आता शुशान मोठ्याने विचार करायला शिकली होती. "मी इथे गेले तर तू तिथे येशील, मग माझा उंट अडकेल," असं ती बोलून दाखवायची. मैत्रिणीशी भांडण झालं तर त्यातही तिचं तेच. "ती माझ्यावर का चिडली असेल, आई? आधी काय झालं होतं?"

आणि लुसिक? फेब्रुवारीतली एक संध्याकाळ मला आठवते. तोवर ती नेहमी स्वतःच्याच मोहऱ्यांकडे बघायची. त्या संध्याकाळी तिचे हात मांडीखाली होते आणि ती माझ्या पलीकडच्या बाजूला बघत होती, शुशानच्या मोहऱ्यांकडे. बघता बघता म्हणाली, "अस्सं! तुला माझा वजीर हवाय होय?" त्या दिवशीही ती हरली. पण बोटं आता गारांसारखी पडत नव्हती.

बर्फ वितळून सगळा चिखल झाला होता, तेव्हा कागदवाला आला. एका बांधकामवाल्याला ती डब्यांची जागा हवी होती. त्याचा हा माणूस दारोदार सह्या गोळा करत होता. डबा सोडा, बदल्यात वर्षभर भाड्याच्या खोलीची सोय होईल, असं तो सांगे. वाहानने फोनवर सांगितलं होतं, "करून टाक सही, त्या डब्यातून तरी सुटाल." शेजारच्याच डब्यातल्या आर्शाकने तर कागदवाल्याचा चहा संपायच्या आत सही केली होती.

शनिवारची दुपार होती. मायलेकींचा डाव अर्ध्यावर होता. कागदवाला तिसऱ्यांदा आला, खुर्ची ओढून बसला, आणि त्याने कागद सरळ माझ्यावरच पसरला. मोहरे गडगडले.

"सगळ्यांनी केली, बाई. तुम्हीच राहिलात. आजचा शेवटचा दिवस."

लुसिकने पेन घेतलं. टोक कागदाला लागलं, मला त्याचा दाब जाणवला.

"आई, माझा डाव मोडला यांनी!" शुशान रडवेली होऊन म्हणाली.

लुसिकने विखुरलेल्या मोहऱ्यांकडे बघितलं. मग पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

कागदवाला हसला. "थंडी वाजते का?"

"नाही. विचार करतेय."

"यात विचार कसला आलाय?"

"मी सही केली नाही तर तुमचं काय बिघडतं?"

"माझं? छे! तुमचंच नुकसान."

"मग माझं नुकसान टाळायला एवढ्या चिखलातून तीनदा कशाला आलात?"

चुलीजवळून सिरवार्द म्हणाली, "बूट बघ त्याचे. असं तर सख्खा भाऊही येत नाही."

"कागद सोमवारपर्यंत ठेवा इथे," लुसिक म्हणाली. "मी नीट वाचते."

"कागद ठेवता येत नाही."

"का?"

तो कागद आवरायला लागला. लुसिक म्हणाली, "बरं, मग आत्ताच वाचते." कागदवाला घड्याळ बघत राहिला आणि ती एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत राहिली. मागच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत होतं: सही करणाऱ्याला आता बेघर मानलं जाणार नाही, आणि सरकारी घरांच्या यादीतून नाव काढायला त्याची संमती आहे. ज्या यादीत सिरवार्द तेवीस वर्षं उभी होती, ती यादी!

कुणीच आरडाओरडा केला नाही. लुसिकसुद्धा शांत होती, याचंच मला नवल वाटलं. तिने कागद घडी करून त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मात्र ती अंगावर शाल ओढून शेजाऱ्यांकडे धावली.

ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्यापैकी सात जण सह्या मागे घ्यायला सोमवारी सरकारी कचेरी उघडायच्या आत दारात उभे होते. त्यांची नावं यादीत राहिली. आर्शाकने मात्र उशीर केला. चाळीस वर्षं विजेसारखा खेळणारा माणूस म्हणाला, "मला कोण फसवणार?" त्याचं नाव गेलं. अजून त्याचा खटला चालू आहे. तारखेला लुसिक त्याच्याबरोबर जाते. म्हणून मित्रांनो, बुद्धिबळ खेळलं की माणूस आपोआप शहाणा होतो, असं मी सांगणार नाही. माझ्यावर खेळून आर्शाक जिंकायला शिकला आणि लुसिक थांबायला. दोन्ही मीच शिकवलं का, की त्यांनी मला आपापल्या परीने वापरलं? मला खरंच ठाऊक नाही.

तीन वर्षांनी घर मिळालं. तिसऱ्या मजल्यावर, सगळ्या खिडक्यांना काचा असलेलं. वाहान परत आला. शुशान मोठी झाली, स्पर्धांना जाऊ लागली, तिला नवा पट मिळाला. मी कपाटाच्या मागे गेलो. पुन्हा धूळ, पुन्हा अंधार.

परवा दुपारी कपाट सरकलं. सिरवार्द होती. साठी कधीच उलटलेली, गुडघे धरलेले. तिने मला मेजावर ठेवलं आणि सुनेला हाक मारली.

"लुसिक जान, घोडा कसा चालतो गं?"

लुसिक बघतच राहिली. "आई, तुम्हाला येत नाही? तुमच्या अंगणात रोज डाव रंगायचे ना?"

"रंगायचे. मी चहा द्यायचे."

"मग सासऱ्यांना विचारलं नाही कधी?"

"त्यानेही कधी विचारलं नाही, बसतेस का म्हणून. भला माणूस होता. सुचलंच नसेल त्याला."

मित्रांनो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. माझ्यावर वाकलेल्यांच्या मनात काय चाललंय याचं मला एवढं कुतूहल, पण चहा ठेवून आत जाणारीच्या मनात काय असेल, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

तुमच्याही घरात कुठे माळ्यावर, पलंगाखाली माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला बाहेर काढा. ओलं फडकं फिरवलंत तर लगेच कोरडंही फिरवा, नाहीतर लाकूड फुगतं. एखादा मोहरा हरवला असेल तर रीळ ठेवा, बाटलीचं झाकण ठेवा, आम्ही चालवून घेतो. आणि घरात असं कुणी असेल ज्याला आजवर 'बसतेस का?' किंवा 'बसतोस का?' असं कुणीच विचारलेलं नाही, तर आज विचारा. वय विचारू नका.

लुसिकने सासूला घोडा शिकवला. दोन घरं सरळ, एक आडवं. सिरवार्दने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ती माझ्याकडे बघत बसली. शेगडीवरचं सूप आटलं, मग करपायला लागलं. घरभर वास पसरला. लुसिक उठली नाही.

बऱ्याच वेळाने सिरवार्दचा एक हात बाहेर आला.